‘सवय होते’ म्हणजे नेमके काय होते?

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टेरी टॉवेलच्या शेडमध्ये माग चालू असताना तंतू उडत नाहीत असा कोपरा सापडत नाही. छताच्या कैच्यांवर, पंख्याच्या पात्यांवर, ट्यूबलाइटच्या वरच्या कडेला पांढरट थर बसलेला असतो आणि मागावर उभ्या असलेल्या माणसाच्या भुवया दुपारपर्यंत अकाली पिकल्यासारख्या दिसू लागतात. टॉवेलला फुगीर वळसे हवेत म्हणून वळशांचा ताणा सैल सोडलेला असतो, त्या सुताला पीळही कमी असतो. साध्या कापडापेक्षा इथे सुताची झड जास्त. कापसाच्या धंद्यात नवा लागलेला मुलगा पहिल्या काही दिवसांत खोकतो, छाती आवळल्यासारखी वाटते म्हणतो, पाळी सुटल्यावर अंग कणकणले म्हणतो. त्याला पिढ्यानपिढ्या एकच उत्तर मिळत आले आहे : सवय होते. आणि बहुतेकदा खरोखर होते. आठवड्याच्या पहिल्या दिवशी जो त्रास असतो तो तिसऱ्या-चौथ्या दिवशी जाणवेनासा होतो, माणूस कामाला लागतो, विषय संपतो. माझे म्हणणे असे की हे उत्तर निरीक्षण म्हणून खरे आणि निष्कर्ष म्हणून खोटे आहे. सवय होते याचा अर्थ धुळीने इजा करणे थांबवले असा आपण लावतो. गेल्या दोन दशकांत जन्मजात प्रतिकारशक्तीच्या पेशींबद्दल जे कळले आहे, त्यावरून त्याचा अर्थ वेगळाच निघतो. पेशींनी त्या धुळीची नोंद घेतली आणि त्या नोंदीनुसार ओरडणे बंद केले, एवढेच सवय झाल्याने सिद्ध होते.

आधी आजाराकडे पाहू. कापसाच्या धुळीने होणाऱ्या फुफ्फुसाच्या विकाराला बिसिनोसिस म्हणतात आणि त्याची खूण सगळ्या वैद्यकशास्त्रात विलक्षण आहे : तो सुट्टीनंतर बळावतो. इंग्लंडच्या लँकेशायरमधल्या गिरण्यांत रविवारी सुट्टी, म्हणून तिथे त्याला सोमवारचा ताप, सोमवारची छाती अशी नावे पडली. वार महत्त्वाचा नाही. सुट्टी कोणत्याही वारी असो, तिच्या दुसऱ्या दिवशी छाती आवळते. बहुतेक आजारांत विश्रांतीने माणूस सुधारतो, इथे विश्रांतीनंतरच तो आजारी पडतो. १९५० च्या दशकात शिलिंग या इंग्रज डॉक्टरने या तक्रारीच्या पायऱ्या ठरवल्या आणि त्या पायऱ्याच माझ्या मुद्द्याचा पहिला पुरावा आहेत. सुरुवातीला सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी अधूनमधून छाती आवळते. मग दर आठवड्याच्या पहिल्या दिवशी आवळू लागते. त्यानंतर ती पहिल्या दिवसापुरती राहत नाही, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीही पसरते. शेवटच्या पायरीवर फुफ्फुसाची क्षमता कायमची घटलेली असते. म्हणजे ‘सवय’ हा या आजाराचा मधला टप्पा आहे. ज्याला आपण बरे होणे समजतो ते दुखण्याच्या वाटेवरचेच एक स्टेशन आहे. एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवी. या आजाराचा खरा तडाखा कापसाच्या गाठी फोडणाऱ्या, पिंजणाऱ्या आणि सूत कातणाऱ्या खात्यांत बसतो. विणकामात तो कमी. सोलापुरात १८७७ साली सुरू झालेल्या जुन्या गिरणीसारख्या गिरण्यांत ही सगळी खाती एकाच आवारात होती. आज एमआयडीसीतल्या बहुतेक शेडमध्ये तयार सूत येते. त्यामुळे जुन्या गिरणीतली भीती जशीच्या तशी उचलून यंत्रमागावर चिकटवणे चूक ठरेल. पण कमी म्हणजे नाही असे नव्हे. शिवाय माझा मुद्दा आजाराच्या प्रमाणाचा नाही, ‘सवय’ या शब्दाचा आहे.

धुळीत त्रासदायक काय असते? शतकभर उत्तर होते : धूळ. किती मिलिग्रॅम, एवढेच मोजायचे. १९८७ साली कॅस्टेलन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत एक नेटका प्रयोग प्रसिद्ध केला. पिंजणखात्याची प्रतिकृती उभारून वेगवेगळ्या जातींच्या, वेगवेगळ्या ठिकाणच्या कापसाची धूळ स्वयंसेवकांना हुंगवली आणि पाळीच्या आधी व नंतर त्यांचा श्वास मोजला. धुळीच्या वजनाचा आणि श्वास घटण्याचा मेळ बसला नाही. मेळ बसला तो धुळीतल्या एंडोटॉक्सिनशी. कापसाच्या बोंडावर आणि पाल्यावर वाढणाऱ्या एका गटाच्या जिवाणूंच्या बाहेरच्या आवरणातला हा रेणू. जिवाणू मेल्यावरही तो टिकतो, तंतूंच्या बारीक भुकटीला चिकटून गाठीतून कताईत आणि पुढे मागापर्यंत येतो. भुवयांवर बसणारे, डोळ्यांना दिसणारे तंतू आकाराने मोठे असतात, नाकातच अडकतात. फुफ्फुसाच्या तळाशी पोचते ती न दिसणारी भुकटी. म्हणजे शेडमध्ये जे पाहून आपण धास्तावतो ते फारसे घातक नाही आणि जे घातक आहे ते दिसत नाही. दिवसातून दोनदा झाडू मारून समाधान मानणाऱ्याने, आणि कोरडा झाडू मारून तीच भुकटी पुन्हा हवेत उडवणाऱ्याने तर नक्कीच, हे ध्यानात घ्यावे.

एंडोटॉक्सिन हा रेणू विषासारखा रासायनिक जाळ करत नाही. तो शरीराला खोटी वर्दी देतो. आपल्या रक्तातल्या मोनोसाइट आणि ऊतींतल्या मॅक्रोफेज या भक्षक पेशींच्या पृष्ठभागावर तो ओळखणारी यंत्रणा असते. तो दिसला की पेशी समजतात, जिवाणूंचा हल्ला झाला. मग दाह पेटवणारे संदेश सुटतात, ताप येतो, श्वासनलिका आखडतात, न्यूट्रोफिल नावाच्या पेशींची फौज फुफ्फुसात धावत येते. ही झाली जन्मजात प्रतिकारशक्ती : आईच्या पोटातून मिळालेली, झटपट, ढोबळ. तिच्याबद्दल पाठ्यपुस्तकात कालपर्यंत एक वाक्य ठाम होते की तिला स्मृती नसते. स्मृती असते ती लसीने किंवा आजाराने तयार होणाऱ्या प्रतिपिंडांच्या आणि टी पेशींच्या व्यवस्थेला. भक्षक पेशी दर वेळी नव्याने भेटल्यासारखी वागते. हे वाक्य खरे असते तर भक्षक पेशींच्या बाबतीत ‘सवय’ हा शब्दच निरर्थक ठरला असता. नेदरलँड्समधल्या नायमेगेन इथल्या मिहाई नेतेआ आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये ‘प्रशिक्षित प्रतिकारशक्ती’ ही संज्ञा मांडली आणि पुढच्याच वर्षी तिला भक्कम आधार दिला. तो आधार आपल्यापैकी बहुतेकांच्या डाव्या दंडावर आहे. बीसीजीची लस क्षयासाठी. पण ती टोचलेल्या प्रौढ स्वयंसेवकांच्या रक्तातल्या मोनोसाइटना तीन महिन्यांनंतर क्षयाशी काही संबंध नसलेली बुरशी किंवा जिवाणू दाखवले, तर त्या आधीपेक्षा जोराने उसळल्या. त्यांच्या जनुकांत एकही अक्षर बदलले नव्हते. बदलले होते जनुकांचे बांधणे.

हे बांधणे समजायला सोलापूरकराला परक्या उपमेची गरज नाही. प्रत्येक पेशीच्या केंद्रकात सुमारे दोन मीटर लांबीचा डीएनए असतो आणि तो मोकळा लोंबत नाही, हिस्टोन नावाच्या प्रथिनांच्या लाखो कांड्यांवर गुंडाळलेला असतो. कांडीवर घट्ट बसलेले सूत धोट्यातून सुटत नाही; तसेच घट्ट गुंडाळलेले जनुक वाचता येत नाही. हिस्टोनच्या शेपटांना मिथाइल, असिटाइल असे छोटे रासायनिक गट चिकटतात वा सुटतात, त्याप्रमाणे कुठली गुंडाळी सैल आणि कुठली आवळलेली हे ठरते. बीसीजी टोचलेल्यांच्या मोनोसाइटमध्ये दाहाच्या जनुकांपाशी, तिसऱ्या हिस्टोनच्या चौथ्या लायसिनवर तीन मिथाइल गटांची खूण वाढलेली आढळली. ‘हे पान उघडे ठेवा’ अशी ती खूण. चादरीच्या मागाचे उदाहरण याहून पुढे जाते. बीमवरचा ताणा तोच, पण जॅकार्डवर छिद्रांचे कोणते पुठ्ठे चढवले आहेत त्यावर कोणता धागा उचलला जाईल आणि नक्षी मोराची पडेल की फुलाची, हे ठरते. जनुके म्हणजे ताणा, एपिजेनेटिक खुणा म्हणजे पुठ्ठे. फरक एकच आणि तोच महत्त्वाचा : मागाचे पुठ्ठे बाहेरचा कारागीर पाडतो, पेशीचे पुठ्ठे तिच्यावरून आजवर काय गेले त्यानेच पाडले जातात. त्यासाठी लागणारा माल पेशीच्या चुलीतूनच येतो. उत्तेजित मोनोसाइट साखर जाळण्याची पद्धत बदलते, त्यातून फ्यूमरेटसारखे पदार्थ साचतात आणि हे फ्यूमरेट खुणा पुसणाऱ्या विकराला अडवते. पेशी काय जाळते आणि पेशी काय लक्षात ठेवते, या दोन गोष्टी वेगळ्या काढता येत नाहीत.

इथवर वाचणाऱ्याला वाटेल की स्मृती म्हणजे सज्जता, म्हणजे चांगलेच. पण तीच यंत्रणा उलट्या दिशेनेही चालते, आणि आपल्या विषयाला ती उलटी दिशाच लागू पडते. १९४० च्या दशकात पॉल बीसन यांनी सशांना टायफॉइडच्या लसीतला ताप आणणारा अंश रोज टोचला. पहिल्या दिवशी चांगला ताप चढला, मग रोज कमी कमी होत गेला. काही आठवडे टोचणे थांबवले आणि पुन्हा टोचले, तर ताप परत पहिल्यासारखा. ताप आणणारा तो अंश म्हणजे एंडोटॉक्सिनच. कापसाच्या गिरणीतली सोमवारची छाती सशांच्या पिंजऱ्यात जवळपास तशीच उतरली होती. त्याचा आतला तपशील कळायला २००७ साल उजाडले. फॉस्टर, हारग्रीव्ह्ज आणि मेझितोव यांनी उंदरांच्या मॅक्रोफेजना एंडोटॉक्सिन दोनदा दिले आणि दुसऱ्या वेळी कोणती जनुके उघडतात ते पाहिले. सगळी पेशी बधिर झालेली नव्हती. दाह पेटवणाऱ्या जनुकांपाशी उघडण्याच्या खुणा दुसऱ्या वेळी उमटल्याच नाहीत, ती पाने चिकटून राहिली; जंतू मारणारी जनुके मात्र उघडली, काही तर आधीपेक्षा लवकर. पेशीने निवड केली होती. बीसीजीने जे पुठ्ठे एका दिशेने पाडले ते एंडोटॉक्सिनने दुसऱ्या दिशेने पाडले, आणि मात्रा, वेळ व क्रम यांवर दिशा ठरते. २०१६ मध्ये माणसाच्या मोनोसाइटवर हेही दिसले की बुरशीच्या आवरणातला एक घटक दिला तर एंडोटॉक्सिनने आलेला हा बधिरपणा बऱ्याच अंशी उलटवता येतो. म्हणजे बधिर पेशी थकलेली किंवा मरायला टेकलेली नसते. तिच्यावरची खूण बदलली की ती पुन्हा बोलते.

आता शेडमध्ये परत या. सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी भक्षक पेशी एंडोटॉक्सिनला नव्याने भेटतात आणि वर्दी देतात; दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी त्यांच्या दाहाच्या जनुकांना खीळ बसलेली असते. धूळ तेवढीच, एंडोटॉक्सिन तेवढेच, तक्रार कमी. इथे जाणकार वाचक मला अडवेल, आणि अडवावेच. ही साखळी प्रयोगशाळेतल्या पेशी, ससे, उंदीर आणि लस टोचलेले स्वयंसेवक यांच्यावरून जोडलेली आहे. मागावरच्या माणसाच्या फुफ्फुसापर्यंतचा शेवटचा दुवा अनुमानाचा आहे. शिवाय सोमवारच्या छातीचा जुना खुलासाही आहे : धुळीने हिस्टामिन सुटते, आठवडाभरात त्याचा साठा रिकामा होतो, सुट्टीत पुन्हा भरतो. मला हा खुलासा खोटा वाटत नाही, अपुरा वाटतो. साठा रिकामा होणे हे आठवड्यातल्या चढउताराचा हिशेब देते, पण श्वास घटण्याचे प्रमाण धुळीच्या वजनाऐवजी एंडोटॉक्सिनशी का जुळावे, याचा देत नाही. आणि कापूस नसलेल्या ठिकाणीही हाच सुट्टीनंतरचा नमुना दिसतो : जस्ताच्या वाफेत काम करणाऱ्या वेल्डरांना येणारा ताप, कारखान्यांतल्या जंतूंनी भरलेल्या दमट हवेच्या यंत्रांपाशी काम करणाऱ्यांना येणारा ताप. वेगवेगळ्या वस्तू आणि एकच ताल, तर कारण त्या वस्तूंपेक्षा ताल धरणाऱ्या पेशींत शोधणे अधिक सयुक्तिक. अनुमान म्हणून ते मांडतो. पण सवय म्हणजे सुरक्षितता हेही अनुमानच आहे, आणि त्याच्या बाजूने यातला एकही पुरावा नाही.

दुसरा आक्षेप अधिक धारदार आहे. एका सुट्टीत पुसली जाते ती स्मृती कसली? एपिजेनेटिक म्हणायला काही टिकाऊपणा हवा. इथे पेशींच्या आयुष्याचा हिशेब मांडावा लागतो. न्यूट्रोफिल दिवसभर जगतात, मोनोसाइट रक्तात एक ते सात दिवस. त्यांच्यावरची खूण त्यांच्याबरोबर जाते आणि कोरी फळी कामावर येते. सुट्टीत सवय मोडते त्यात आश्चर्य कमी आहे. मग बीसीजीचा परिणाम तीन महिने कसा टिकला? कारण ती खूण रक्तातल्या पेशीवर न थांबता हाडांच्या मगजात, या पेशी जिथे जन्मतात त्या मूळपेशींपर्यंत पोचली होती. २०१८ मध्ये उंदरांत आणि २०२० मध्ये, लस टोचल्यानंतर नव्वद दिवसांनी काढलेल्या माणसांच्या अस्थिमज्जेत हे दिसले. टकसाळीतला साचाच बदलला की नाणी आपोआप बदलतात. फुफ्फुसाच्या कोषांत वस्तीला असलेले मॅक्रोफेज तर रक्तातून येणाऱ्या पेशींपेक्षा कितीतरी जास्त काळ राहतात. तेव्हा एकाच छातीत किमान दोन वह्या चालू असतात : एक आठवड्याला कोरी होणारी आणि एक वर्षानुवर्षे भरत जाणारी. सवय आपल्याला जाणवते ती पहिल्या वहीतून. शिलिंगच्या पायऱ्या चढतात त्या दुसऱ्या वहीत, असे मी मानतो.

बरे, दाहाला खीळ बसणे वाईट कशावरून? ती खीळ नसती तर रक्तात जंतू शिरलेला प्रत्येक रुग्ण स्वतःच्याच दाहात जळून गेला असता. उत्क्रांतीने ही सोय उगीच ठेवलेली नाही. शेतघरांचा पुरावा तर याहून आकर्षक आहे. २०१६ मध्ये अमेरिकेतल्या अमिश आणि हटराइट या दोन शेतकरी पंथांच्या मुलांची तुलना झाली. वंश, आहार, राहणी बरीच सारखी. पण अमिश घराशेजारीच जुन्या पद्धतीचे गोठे ठेवतात, हटराइट मोठी यांत्रिक शेती करतात. अमिश घरांच्या धुळीत एंडोटॉक्सिन जवळपास सातपट होते आणि त्यांच्या मुलांत दम्याचे प्रमाण कितीतरी कमी. यावरून कुणी म्हणेल, मग शेडमधली धूळही जरा चांगलीच की! हा युक्तिवाद तीन ठिकाणी मोडतो. ती मुले होती, त्यांची प्रतिकारव्यवस्था घडत होती; मागावरचा माणूस घडून झालेला असतो. त्यांना धूळ मिळत होती ती गोठ्यातून ये-जा करताना, बारा-बारा तासांच्या पाळीत बंद हवेत नव्हे. सूत तुटू नये म्हणून विणकामाची हवा दमट ठेवायची, तर खिडक्या उघड्या ठेवणे मालकाला परवडत नाही. आणि त्यांच्यात जे टळले ते ॲलर्जीचे दुखणे होते; बिसिनोसिस ॲलर्जी नाही. एकच रेणू बाळपणी गोठ्यात एक पुठ्ठा पाडतो आणि पस्तिशीत शेडमध्ये दुसरा. गाईच्या गोठ्याचा दाखला देऊन टॉवेलच्या शेडला निर्दोष ठरवणे म्हणजे पावसाचे कौतुक करून पुराची भलामण करणे.

खीळ उपयोगी असते ती थोड्या काळासाठी. महिनोन्‌महिने बसलेल्या खिळीची किंमत मोजावी लागते. ती दोन ठिकाणी दिसते. रक्तातल्या गंभीर जंतुसंसर्गातून वाचलेले अनेक रुग्ण पुढच्या काळात दुसऱ्याच, एरवी किरकोळ जंतूंनी आजारी पडतात. त्यांच्या भक्षक पेशी गप्प बसलेल्या असतात. अतिदक्षता विभागातल्या डॉक्टरांना हे चांगले ठाऊक आहे. दुसरे ठिकाण आपल्या विषयाच्या अधिक जवळचे. शांघायच्या कापूस गिरण्यांतल्या कामगारांचा १९८१ पासून काही दशके पाठपुरावा झाला, आणि तुलनेला त्याच शहरातले रेशीम गिरण्यांतले कामगार घेतले होते. रेशमात हे एंडोटॉक्सिन नसते. कापूसवाल्यांची श्वासाची क्षमता दर वर्षी रेशीमवाल्यांपेक्षा अधिक वेगाने घटत गेली. घट वर्षाला मिलिलिटरमध्ये मोजण्याइतकी, एका वर्षात कुणाला कळणारही नाही अशी. ती आठवड्याच्या पहिल्या दिवशीच होत होती आणि गुरुवारी थांबत होती असे मुळीच नाही. सवय तक्रारीची होते, घटीची होत नाही. कारण मॅक्रोफेजची ओरड बंद झाली तरी न्यूट्रोफिलांचे येणे, त्यांच्या विकरांनी कोषांच्या भिंती कुरतडल्या जाणे, श्वासनलिकेच्या अस्तराची जाडी वाढणे ही कामे वेगवेगळ्या पेशींच्या हातात असतात आणि सगळ्यांच्या जनुकांना एकाच वेळी खीळ बसत नाही. वॉचमन झोपला म्हणून चोऱ्या थांबल्या असे कुणी म्हणत नाही. छातीच्या बाबतीत मात्र आपण शतकभर तेच म्हणत आलो.

जाता जाता एका शब्दाचा समाचार घ्यायला हवा. करोनाच्या साथीपासून ‘इम्युनिटी वाढवणे’ हा शब्दप्रयोग काढ्याच्या पुडीपासून च्यवनप्राशाच्या जाहिरातीपर्यंत सगळीकडे पसरला आहे. प्रतिकारशक्ती जणू पाण्याची टाकी, ओतत राहावे. प्रशिक्षित प्रतिकारशक्तीच्या संशोधनालाही याच टाकीत बुडवण्याचा प्रयत्न झाला. २०२० मध्ये बीसीजी करोनापासून वाचवील या आशेने जगभर चाचण्या झाल्या. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने बीसीजीच्या सुधारित रूपाची चाचणी हाती घेतली. २०२३ मध्ये ऑस्ट्रेलिया, ब्राझील आणि युरोपातल्या आरोग्य कर्मचाऱ्यांवरच्या मोठ्या चाचणीचा निकाल आला : बीसीजीने करोनाचा धोका कमी झाला नाही. पेशीत नोंद होते हे खरे. ती नोंद नेमकी हव्या त्या शत्रूविरुद्ध, हव्या त्या वेळी कामी येईल ही हमी नाही. उलट बाजूही तेवढीच बोलकी आहे. उंदरांना चार आठवडे चरबी आणि साखरेचा पाश्चात्त्य आहार दिला तर त्यांच्या मगजातल्या पेशी अशाच ‘प्रशिक्षित’ झाल्या, आणि साधा आहार परत सुरू केल्यावरही त्यांचे भडकणे लगेच उतरले नाही. हिरड्यांच्या जुनाट दाहाने मगजात झालेली नोंद सांध्यांचे दुखणे वाढवते, हेही उंदरांत दिसले. तेव्हा वाढवा किंवा दाबा असली एकाच खुंटीची कल्पना इथे चालत नाही.

याच्या उलट टोकाला दैववाद उभा आहे. पेशीतच लिहिले गेले, आता काय करणार. पुढच्या पिढीतही जाणार म्हणे! पुढच्या पिढीचा भाग आधी निकालात काढतो : मागावरच्या बापाच्या मॅक्रोफेजवरच्या खुणा मुलाच्या छातीत उतरतात, असे म्हणायला आधार नाही. मुलाच्या छातीत धूळ उतरते ती घरात येणाऱ्या कपड्यांवरून आणि दारातल्या हवेतून. आणि लिहिलेले पुसता येते. पॅरिसच्या पाश्चर संस्थेने हजार निरोगी फ्रेंच स्वयंसेवकांच्या रक्तावर केलेल्या अभ्यासात, २०२४ मध्ये, धूम्रपानाबद्दल असे आढळले की त्याने भडकलेला जन्मजात प्रतिसाद सिगारेट सोडल्यावर लवकर निवळतो; दुसऱ्या, अर्जित प्रतिकारशक्तीवरचा ठसा मात्र सोडल्यानंतरही वर्षानुवर्षे राहतो आणि तो डीएनएवरच्या खुणांशी जुळतो. शांघायमध्येही काम सोडलेल्यांच्या श्वासात काहीशी सुधारणा दिसली. या निष्कर्षांना सोलापुरात खास वजन आहे. इथे एका घरात यंत्रमाग आणि विडी हे दोन्ही धंदे नांदतात. पुरुष टॉवेलच्या शेडमध्ये, बाई सुपात तंबाखू घेऊन उंबऱ्याशी. एकाच उशीवर दोन धुळी येतात. यातले किती पुसले जाईल हे धूळ कधी थांबते यावर अवलंबून आहे, आणि दुसरी वही भरत आली की पुसायला उरते ते कमी.

एक शेवटचा आक्षेप, आणि व्यवहारी माणसाला तोच सर्वांत रास्त वाटेल : धूळ वाईट हे सांगायला हिस्टोन कशाला हवेत? पंखे बसवा, हवा ओढून घेणारी यंत्रणा बसवा, कोरड्या झाडूऐवजी व्हॅक्यूम वापरा, मास्क द्या, झाले. मान्य, आणि हे सगळे आजच करण्यासारखे आहे. पण ते होत नाही, त्यामागच्या कारणांत पैशाइतकाच हा एक शब्द आहे. कामगार स्वतःच तिसऱ्या दिवशी म्हणतो, आता काही नाही. तपासणीचे शिबिर भरते तेव्हा आठवड्याचा कोणता दिवस आहे हे कुणी पाहत नाही. बुधवारी-गुरुवारी छाती तपासली, आवाज स्वच्छ आला, श्वास ठीक निघाला, की कागदावर निरोगी. ज्या दिवशी पेशी गप्प असतात नेमक्या त्याच दिवशी आपण त्यांची साक्ष घेतो. पेशींच्या स्मृतीचे ज्ञान इथे कामाला येते : ते तपासणीचा दिवस बदलायला लावते. गंमत अशी की अमेरिकेने १९७८ साली कापसाच्या धुळीचा कायदा केला तेव्हा भक्षक पेशींच्या स्मृतीचे हे शास्त्र जन्मलेही नव्हते, तरी त्यात ही अट अचूक घातली. श्वासाची तपासणी आठवड्याच्या पहिल्या कामाच्या दिवशी, किमान ३५ तास धुळीपासून दूर राहिल्यानंतर, पाळी सुरू होण्याआधी करायची. आणि त्याच पाळीत, चार तासांनंतर पण दहा तासांच्या आत, पुन्हा करायची. धुळीची मर्यादाही खात्यागणिक वेगळी : कताईत घनमीटरमागे २०० मायक्रोग्रॅम, खळ देण्याच्या आणि विणण्याच्या खात्यात ७५०. वजनाने मोजण्याची जुनी खोड त्यातही आहेच. पण दिवस त्यांनी बरोबर धरला, कारण त्यांनी कामगारांची सोमवारची तक्रार ऐकली होती.

आपल्याकडे बिसिनोसिस हा कायद्याने कळवण्याजोगा आजार आहे. तरी चार-सहा माणसांवर चालणारे माग कारखान्याच्या कायद्याच्या उंबऱ्याबाहेरच राहतात, आणि जे आत आहेत तिथे कळवण्यासाठी आधी कुणाला तरी दिसावा लागतो. त्यासाठी नवे रुग्णालय लागत नाही. हातात मावणारे, विजेशिवाय चालणारे, जोरात फुंकल्यावर काटा सरकणारे पीक-फ्लो मीटर कोणत्याही औषधांच्या मोठ्या दुकानात मिळते; स्पायरोमीटर असेल तर अधिकच उत्तम. अक्कलकोट रोडच्या कारखानदार संघटनांनी, कामगार संघटनांनी आणि शिबिरे भरवणाऱ्या डॉक्टरांनी एवढे करावे : सुट्टीच्या दुसऱ्या दिवशी, शेडमध्ये पाऊल टाकण्याआधी एकदा आणि पाळी सुटताना एकदा, प्रत्येक माणसाचा आकडा त्याच्या नावापुढे लिहावा, आणि दर वर्षी त्याच वहीत लिहावा. मधल्या वारी केलेल्या तपासणीवर ‘छाती ठीक’ हा शेरा मारू नये.